बरणीतलं वाळवंट

गेल्या वर्षी आमच्या नात्यात एक मुंज झाली. परतभेट म्हणून प्रत्येकाच्या हातात काचेचा एक गोल वाडगा पडला. तळाशी गुलाबी वाळू, त्यावर पांढरी, त्यावर काळी माती आणि मधोमध कमळासारखं निळसर-हिरवं रोप. सोबत दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी : ‘आठवड्यातून एकदा पाणी घाला.’ पंगतीत त्या वाडग्यांचं जेवणापेक्षा जास्त कौतुक झालं. ऑगस्ट उजाडेपर्यंत मला सात फोन आले, कारण झाडांच्या तक्रारी घेऊन यायची खिडकी म्हणजे मीच, असं घरात ठरलेलं आहे. सातही जणांची तक्रार एकच. पानं आरपार दिसायला लागली आहेत आणि हात लावला की गळून पडतात. मामी म्हणाल्या, “अगं, उकडलेल्या बटाट्यासारखं लागतंय हाताला.” कुजलेल्या सक्युलंटचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

काचेच्या भांड्यात सक्युलंट कसं लावावं, हे सांगणारे आज पावलोपावली भेटतात. खडे, कोळसा, शेवाळ, माती, रोप, वर रंगीत गोटे. दहा मिनिटांत बाग तयार. ती बाग सहा महिन्यांनी कशी दिसते, हे मात्र कोणी दाखवत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. झाकणाच्या किंवा अरुंद तोंडाच्या बरणीत सक्युलंट लावू नये. उघड्या, पसरट भांड्यात ते जमतं, पण रोप कुठलं, खिडकी कुठली आणि गाव कुठलं, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून. खडे आणि कोळसा त्यात फार मागे येतात.

काचेत झाड लावायची कल्पनाच मुळात एका अपघातातून आली. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या गोदीजवळ राहणारा डॉक्टर. झाडांचा भारी नाद, पण आसपासच्या धुराड्यांचा धूर इतका की त्याने लावलेले नेचे काही केल्या तग धरत नसत. १८२९ साली त्याने पतंगाचा एक कोष रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीवर ठेवला आणि झाकण लावून टाकलं. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलं. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमायची आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायची. वरून पाणी न घालता ती दोन्ही जवळजवळ चार वर्षं जगली. मेली ती झाकण गंजून आत पावसाचं पाणी शिरलं म्हणून.

वॉर्डने मग लाकूड आणि काचेच्या पेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये नेचे आणि गवतं भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला धाडल्या. सहाएक महिन्यांच्या प्रवासानंतर आतली झाडं हिरवीगार उतरली. पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, आणि १८६०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली सिंकोनाची रोपं निलगिरीत पोचली. आपला सकाळचा चहा आणि जुन्या काळची क्विनाइनची कडू पुडी, दोन्हींच्या मागे ही काचेची पेटी आहे.

त्या पेटीतून प्रवास केला तो खाऱ्या वाऱ्याने करपणाऱ्या, कोरडेपणा न सोसणाऱ्या झाडांनी. निवडुंग किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या मांसल वनस्पती तशाच, मुळांवरची माती झाडून, कोरड्या खोक्यात भरल्या तरी आठवडेच्या आठवडे टिकत. ज्यांना समुद्रप्रवासातही काचेची गरज पडली नाही, त्यांनाच आपण दिवाणखान्यात काचेत बसवतो आहोत. इंग्लंडमधल्या डेव्हिड लॅटिमर यांच्या बाटलीचा दाखला या बाबतीत नेहमी दिला जातो. १९६० साली लावलेली आणि १९७२ मध्ये शेवटचं पाणी घालून बूच मारलेली ती बाटली खरीच आहे. पण आत आहे ट्रॅडेस्कॅन्शिया, म्हणजे ओलाव्यावर जगणारी, सरपटत पसरणारी वेल. तो दाखला देऊन सक्युलंट विकणं म्हणजे माशाचं पोहणं दाखवून मांजराला तळ्यात सोडण्यासारखं आहे.

सक्युलंट वेगळं कशात, हे समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्याकडे परसात, गच्चीत, मोडक्या डब्यातसुद्धा वाढणारी पानफुटी पुरे. (ती मूळची मादागास्करची, पण आता आपल्यात इतकी मुरली आहे की तिला परकी म्हणवत नाही.) बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन वनस्पतिज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासेकडे होता. त्याने पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडसर. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि ते १८१५ मध्ये छापून आलं. एका साध्या चवीच्या नोंदीवरून वनस्पतिशास्त्राची एक मोठी वाट उघडली. मीही एकदा पहाटे साडेपाचला आणि मग दुपारी दोनला पानाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून पाहिला आणि थुंकला. फरक चिंचेचा आणि काकडीचा. (गिळण्याचा आग्रह नाही, या कुळातल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.)

होतं असं. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच दारातून त्यांचं पाणीही उडून जातं. रखरखीत प्रदेशात हा व्यवहार परवडत नाही. म्हणून पानफुटीसारखी झाडं दिवसा दारं लावून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतात. म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा दारं बंदच ठेवून त्याच साठ्यातून, उन्हाच्या बळावर साखर बनवतात. म्हणून दुपारी आंबटपणा संपलेला. सगळीच सक्युलंट इतक्या काटेकोरपणे असं वागत नाहीत, पण मुंजीच्या वाडग्यात जी मिळतात त्यांतली बहुतेक याच वळणाची.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, या झाडांना रात्री गारवा आणि खेळती हवा हवी. दोन, ती पाणी खर्चच करत नाहीत. नेचा किंवा फिटोनिया बरणीत वाफ सोडते, ती काचेवर जमते, खाली उतरते आणि चक्र चालू राहतं. सक्युलंट जेमतेम वाफ सोडतं. जी काही मातीतून निघते ती काच बाहेर जाऊ देत नाही आणि माती वाळतच नाही. यांच्या मुळांना दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा काळ लागतो, मातीच्या कणांमधून हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं गुदमरतात, बुरशी शिरते आणि कूज खालून वर चढते.

फसवणूक इथे आहे, आणि ती कोणी मुद्दाम केलेली नाही. खाली मुळं मेली तरी वरचं झाड पानांत साठवलेल्या पाण्यावर पुष्कळ दिवस टवटवीत दिसतं. टोमॅटोचं रोप संध्याकाळपर्यंत मान टाकतं, सक्युलंट महिना-दीड महिना हसत बसतं. त्यामुळे मेलेलं झाड दुकानात जिवंत म्हणून विकलं जातं, आपण जिवंत म्हणून भेट देतो आणि ज्याच्या घरी ते कोसळतं त्याला वाटतं, आपलाच हात जड.

आता तळाच्या खड्यांचं. ‘पाणी निचरून खड्यांत जातं, मुळं कोरडी राहतात,’ हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की खरं वाटायला लागतं. घरी करून पाहा. भांडी घासायचा जाडसर नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक छिद्रांचा कुठलाही पदार्थ तळाशी ठरावीक उंचीचा ओला पट्टा धरून ठेवतो आणि वजनाने पाणी खाली ओढलं जायला वर पुरेशी उंची लागते. आता स्पंज आडवा करून गोट्यांवर ठेवा. पाणी गोट्यांत उतरत नाही. मातीची बारीक छिद्रं ते सोडत नाहीत आणि गोट्यांमधल्या मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. माती पूर्ण भिजून ओथंबली तरच उरलेलं खाली जातं. म्हणजे चार इंचांच्या वाडग्यात दीड इंच खडे टाकले, तर तो ओला पट्टा आपण दीड इंचाने वर उचलून नेमका मुळांशी आणला. खड्यांचा एक उपयोग मी नाकारणार नाही. चुकून जास्त पाणी पडलं तर ते काचेतून दिसतं आणि वाडगा कलता करून ओतून देता येतं.

कोळशाबद्दल थोडक्यात. तो वास आणि काही विरघळलेली द्रव्यं धरून ठेवतो, तेही काही काळच. जास्तीचं पाणी तो नाहीसं करत नाही. घातला तर बिघडत नाही, न घातला तर अडत नाही.

खरा उपाय साधा आहे आणि दहा मिनिटांच्या चित्रफितीत तो शोभून दिसत नाही. भांड्याला भोक पाडा. काचेच्या दुकानात खिडक्यांची तावदानं कापणारा कारागीर हिरकणीच्या बिटने, वरून पाण्याची धार सोडत, वाडग्याच्या तळाला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून देतो. दोनदा माझा वाडगा तडकला, तिसऱ्यांदा जमलं. ते धाडस नको असेल तर कुंडीत कुंडी. रोपं भोकाच्या प्लॅस्टिकच्या छोट्या कुंड्यांतच राहू द्या, त्या काचेत बसवा आणि भोवती खडी भरा. पाणी घालायच्या दिवशी कुंड्या उचलून मोरीत न्या, भरपूर पाणी घाला, निथळू द्या, परत ठेवा. दिसायला बाग तीच.

रोप निवडताना नर्सरीत नावांचा गोंधळ फार. आपल्या भाषेतही तो आहेच. निवडुंग म्हटलं की आपण काटेरी सगळंच त्यात कोंबतो. पण सह्याद्रीच्या उघड्या कड्यांवरचा, चीक असलेला निवडुंग हा युफोर्बिया, इथलाच. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला कॅक्टस. दोघांचं नातं मेथी आणि पालकाइतकं लांबचं. ‘जेड’ म्हणून तुमच्या हातात जे पडतं ते बऱ्याचदा क्रासुला नसून पोर्टुलाकारिया असतं, आफ्रिकेत ज्याचा पाला हत्ती खातात ते. यात तक्रारीचं कारण नाही, उलट नशीब समजा. आपल्या उकाड्यात पोर्टुलाकारिया खऱ्या जेडपेक्षा काटक निघतं.

सगळ्यात देखणी आणि घरात सगळ्यात आधी मरणारी ती एचेवेरिया. मुंजीच्या वाडग्यातलं कमळ ते हेच. मेक्सिकोतल्या अटानासिओ एचेवेरिया नावाच्या वनस्पतिचित्रकारावरून १८२८ मध्ये हे नाव पडलं. ही कमळं तिथल्या उंच डोंगराळ मुलखातली. लख्ख ऊन, पातळ हवा, थंड रात्री. पानांवरची पांढरी पिठी हे तिचं उन्हापासूनचं संरक्षण. तुम्ही बोटाने पुसली की त्या पानावर परत येत नाही. अशा झाडाला ठाण्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या शोकेसमध्ये, दमट रात्री, ट्यूबलाइटखाली ठेवलं की ते महिनाभरात मान लांबवायला लागतं. देठ उंच, पानं विरळ, रंग फिका. लोक म्हणतात, “बघा, किती वाढलं!” ती वाढ नव्हे, उजेडासाठी धडपड आहे.

घरातल्या वाडग्यासाठी माझी पसंती हॉवर्थियाला आणि तिच्या भावकीतल्या गॅस्टेरियाला. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतल्या, झुडपांच्या आणि दगडांच्या सावलीत वाढणाऱ्या. हॉवर्थिया कूपरीच्या पानांची टोकं काचेसारखी आरपार असतात. झाड जवळजवळ मातीत गाडलेलं राहतं आणि त्या खिडक्यांतून उजेड आत घेतं. ज्याने मुळात सावलीशी जुळवून घेतलं आहे त्याला आपली खिडकी पुरते. सापाच्या कातडीच्या नक्षीचं सॅन्सेव्हिएरिया, त्याच्या बुटक्या जातीचं, हेही चालतं. वनस्पतिशास्त्राने अलीकडे त्याला ड्रॅसीनात टाकलं, माळ्यांनी टाकलेलं नाही. लिथॉप्स, म्हणजे ते जिवंत गोटे, यांच्या वाटेला किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जाऊच नये. आणि डोक्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेला तो ‘चंद्र-कॅक्टस’? तो गोळा म्हणजे हरितद्रव्यच नसलेलं एक अपंग पिल्लू, खालच्या हिरव्या खुंटावर कलम करून जगवलेलं. जपानमध्ये १९४०च्या दशकात ही रंगीत रोपं निघाली. खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या भावकीतला असतो आणि त्याला इतर सक्युलंटपेक्षा जास्त पाणी लागतं. म्हणजे एका वाडग्यात दोन तहाना. नेहमी एकच तहान असलेली रोपं एकत्र लावावीत.

उजेडाबद्दल बोलताना आकडे लागतात. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स, ढगाळ दिवशी दहाएक हजार. खोलीत, खिडकीपासून दूर टीपॉयवर शेकड्यांत. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळे लगेच सरावतात. झाड सरावत नाही. त्यामुळे टीपॉयच्या मधोमध ठेवायची काचेतली बाग ही मासिकातल्या फोटोची गोष्ट आहे.

खिडकी कुठली? इंग्रजी पुस्तकं दक्षिणेची खिडकी सांगतात, आणि ते लिहिणारे फार उत्तरेकडे राहतात. आपल्याकडे मुंबईत मेच्या १५-१६ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २७-२८ला शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत उन्हाचा कवडसाही येत नाही. हिवाळ्यात मात्र तीच खिडकी उन्हाने भरून वाहते. पश्चिमेची खिडकी एप्रिलमध्ये काचेची भट्टी करते. उन्हातल्या काचेच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती तापते, हे भर दुपारी बंद गाडीत बसलेल्याला सांगायला नको. उरली पूर्वेची. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन, वर्षभर मिळणारं, तेच चांगलं. तीही नसेल तर पांढरा एलईडी दिवा वीतभर वर टांगून बारा तास लावावा. वीजबिलाला फारसा फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष लावणी. माझ्या खिडकीत सध्या आहे तो पसरट वाडगा दहा इंच रुंद, साडेतीन इंच खोल, तळाला भोक. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. माती म्हणून तीन भाग खडा आणि एक भाग गांडूळखत. खडा म्हणजे नर्सरीत मिळणारं सिंडर, म्हणजे भट्टीतल्या जळक्या कोळशाचे सच्छिद्र तुकडे, किंवा विटेचा चुरा. मी तो रव्याच्या जुन्या चाळणीने चाळते. चाळणीतून खाली पडेल ती पूड टाकून द्यायची, वर राहतील त्यांतले ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंतचे तुकडे घ्यायचे. जी पूड आपण टाकतो तीच पाणी धरून ठेवणारी. देशावरची काळी माती यात चिमूटभरही नको. ओली झाली की चिखल, वाळली की वीट. नर्सरीतून आलेलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते मुळांवरून हलक्या हाताने झाडून टाका, नाहीतर बाहेर वाळवंट आणि आत दलदल. झाडताना मुळं तुटतात. म्हणून रोप तसंच, उघडं, सावलीत तीन-चार दिवस वर्तमानपत्रावर ठेवून द्यायचं, जखमा सुकू द्यायच्या. नवख्या माणसाचा जीव इथे खालीवर होतो. सुकल्यावर लावायचं आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

‘आठवड्यातून एकदा पाणी’ ही चिठ्ठी मी जाळून टाकीन. पाणी वाराप्रमाणे घालायचं नसतं, वाळण्याप्रमाणे घालायचं असतं. माझा उपाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा. वाडगा पूर्ण कोरडा असताना एकदा वजन करून त्या आकड्याची चिठ्ठी तळाला चिकटवली. पाणी घालून निथळल्यावर पुन्हा वजन केलं, दीडेकशे ग्रॅम जास्त भरलं. मार्चमध्ये ते जादा वजन दहा दिवसांत उतरलं. जुलैत पाच आठवडे झाले तरी काटा कोरड्या आकड्यावर येईना. त्या पाच आठवड्यांत चिठ्ठीचं ऐकलं असतं तर पाच पाणी झाली असती. भोक नसलेलं भांडं असेल तर हे वजन आणखी मोलाचं. तिथे पाणी चमच्याने, रोपाच्या बुडाशी, दोन-तीन चमचे. फवारा मारू नका. कमळाच्या पाकळ्यांत अडकलेला थेंब रात्रभर राहतो आणि सकाळी कूज सुरू होते. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर वर्षभरात काचेवर आणि मातीवर पांढरा थर दिसेल. भोक असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर ओतून तो धुऊन काढता येतो, नसेल तर माती बदलायची.

गावाचा फरक याच वजनात कळतो. पुणे, नाशिक, सातारा, पाचगणीकडे हिवाळ्यातल्या रात्री गार, हवा कोरडी. तिथे एचेवेरियासुद्धा रंग धरते. मुंबई, कोकण, गोवा इथे दमटपणा रात्रीही उतरत नाही. चिपळूणच्या माझ्या आतेबहिणीने पावसाळ्यापुरता नियम केलाय. जूनच्या पहिल्या सरीला वाडगा आत, खिडकीशी, समोर छोटा पंखा मंद वेगात, आणि गणपतीपर्यंत पाण्याचं नाव नाही. झाडं सुरकुततात. सुरकुतलेलं सक्युलंट पाण्याने परत येतं, मऊ पडलेलं येत नाही. या छंदातलं एवढं एक वाक्य पाठ असलं तरी निम्मी रोपं वाचतील.

किडींत मुख्य वैरी पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसाचा कण अडकल्यासारखा दिसतो. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक टिपून काढायचा, चार दिवसांनी पुन्हा. कडुनिंबाचं तेल इतर झाडांवर ठीक, पिठीच्या पानांवर नको. पिठी धुऊन निघते.

सजावटीबद्दल मी जरा कडवट आहे, माफ करा. चिनी मातीचा झोपलेला बुद्ध, प्लॅस्टिकचं कुंपण, निळे गोटे, समुद्रातले शंख. हौस असते, असू दे. पण रंगीत वाळू मातीवर थापली की खालची ओल बाहेर पडत नाही, आणि कधीकधी गोटे डिंकाने जागच्या जागी चिकटवलेले असतात. एका प्रदर्शनात कॅक्टसच्या माथ्यावर सुकं फूल गरम गोंदाने चिकटवून विकत होते. मी विचारलं तर विक्रेता निरागसपणे म्हणाला, “ताई, फुलाशिवाय उचलत नाही ना कोणी.”

हे उचललं जाणं आता जगभर महाग पडतं आहे. कॅलिफोर्नियातल्या समुद्रकड्यांवरची डडलेया लोक उपटून परदेशी विकायला लागले, म्हणून २०२१ मध्ये तिथे खास कायदा करावा लागला. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमची, बोटाच्या पेराएवढ्या झाडांची, अशीच लूट चालू आहे. आपल्याकडेही एक आहे, शिंदळ माकुडी. फक्त महाराष्ट्रात, डोंगरांच्या आणि किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर वाढणारं मांसल झुडूप. डॅल्झेल या वनस्पतिज्ञाने १८६५ मध्ये त्याचं वर्णन करताना मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. पावसात पानं, चांदणीच्या आकाराची गडद तांबडी फुलं. कोरड्या दिवसांत पानं गाळून नुसत्या काड्या. सह्याद्रीच्या कड्यावर चार महिने धो धो पाऊस झेलून उरलेले आठ महिने तहानेने काढणारं हे झाड, आणि आपण वाळवंटाची ओढ म्हणून मेक्सिकोकडे पाहतो. ट्रेकला गेलात आणि दिसलं तर तिथेच पाहा. कड्यावरची फांदी घरी आणून वाडग्यात लावायचा मोह होतो, मला झाला होता. मी फक्त फोटो काढला, आणि तोही हलला.

मामींचा फोन पुन्हा आला तो परवा. वाडगा रिकामा पडलाय, टाकवत नाही, मुंजीची आठवण आहे. मी म्हटलं, रंगीत वाळू काढ, स्वच्छ धू. कंपाउंडच्या भिंतीला आता नेचे फुटले असतील, ओल्या शेवाळासकट बोटभर एखादा काढ. तळाला मूठभर माती, वर तो नेचा, चार चमचे पाणी.

“झाकण?”

“बशी उपडी ठेव.”

“आणि पाणी परत कधी घालायचं?”

“काच सकाळी धुरकट दिसते का बघ. दिसली तर नाही घालायचं.”

“ऊन?”

“नको.”

मामी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे फुकटचंच की गं हे. आणि ते लोक त्याचे तीनशे रुपये घेतात होय?”